मागचा जन्म पाण्यात गेला म्हणे. या जन्मी फेरीबोटीत बसू की नको?

खाडीकाठ | १० मे, रात्री १०:२०

बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. हसलात तरी चालेल, पण आधी पूर्ण वाचा.

मी दापोली तालुक्यातली. वय ३७. पतसंस्थेत नोकरी. आता बढती आली आहे, गुहागरच्या शाखेत शाखाधिकारी म्हणून. १ जुलैला हजर व्हायचंय. नकाशात बघितलं तर गुहागर समोरच दिसतं, मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, दहा-पंधरा मिनिटांचं काम. रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा, म्हणजे रोजचं ते शक्य नाही.

पण मला पाण्याची भीती आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. फेरीबोटीचा तो लोखंडी फळा खडखडत खाली आला की माझे तळहात ओले होतात. आजवर तीनदाच बसले असेन, तिन्ही वेळा डोळे मिटून. लहानपणी बुडाले वगैरे नाही. समुद्रात कधी गुडघ्याच्या वर गेलेच नाही तर बुडणार कुठून?

एप्रिलमध्ये मावसबहिणीने पुण्याला एका बाईंकडे नेलं. पूर्वजन्मात नेणारं संमोहन, ज्याला पास्ट लाइफ रिग्रेशन म्हणतात ते. दोन तास, सहा हजार रुपये. मी अर्धवट विश्वासाने आडवी झाले आणि खरंच काहीतरी दिसलं. मोठी बोट, तुफान पाऊस, माणसं एकमेकांच्या अंगावर पडत एकाच बाजूला धावताहेत. माझ्या हातात बरणी आहे, ती मी सोडत नाहीये. लांब काळा खडक. मग बोट कलते आणि आवाजच बंद होतात. उठले तेव्हा उशी भिजली होती.

बाई म्हणाल्या, "तुमचा मृत्यू पाण्यात झालाय. आत्मा तुम्हाला सावध करतोय. ही बढती घेऊ नका, किंवा घेण्याआधी अजून दोन सेशन करून आत्म्याची परवानगी घ्या."

घरी सांगितलं. सगळे म्हणतात, मग नकोच जाऊस. १५ जूनपर्यंत होकार-नकार कळवायचाय. तुम्ही काय केलं असतं?

टिवल्याबावल्या | १० मे, रात्री १०:३१

आत्म्याची परवानगी ऑनलाइन मिळते का? आमच्या ग्रामपंचायतीत अजून हस्तलिखित अर्ज लागतो.

(चहा घेऊन बसलोय. धागा पळणार.)

निरंजन_वाटसरू | १० मे, रात्री ११:०५

टिवल्या, गप रे जरा.

ताई, अनुभव अगदी स्पष्ट आहे, तो उडवून लावू नका. पूर्वजन्म आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. पतंजलींच्या योगसूत्रात, विभूतिपाद या तिसऱ्या भागात १८ वं सूत्र बघा: संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं. संत बहिणाबाई शिऊरकरांनी आपले मागचे बारा जन्म अभंगांत सांगून ठेवलेत. हा माझा तेरावा, असं म्हणणारी ती बाई सतराव्या शतकातली, आपल्याच मातीतली. तुमची भीती विनाकारण नाही, तिचं मूळ आता सापडलंय इतकंच.

शंकेखोर | ११ मे, सकाळी ७:५०

निरंजन, सूत्र बरोबर सांगितलंत, पण ते ज्ञान संयमाने, म्हणजे धारणा-ध्यान-समाधीने होतं असं पतंजली म्हणतात. सहा हजारांत दोन तास असं कुठल्या पादात आहे?

संमोहनात आठवलेल्या जन्मांचं एक जुनं उदाहरण सांगतो. १९५२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतली एक गृहिणी संमोहनात आयरिश उच्चारात बोलायला लागली. म्हणाली, मी एकोणिसाव्या शतकातली, आयर्लंडमधल्या कॉर्कची ब्रायडी मर्फी. त्यावरचं पुस्तक धो धो खपलं. मग पत्रकारांनी शोध घेतला, तर ही बाई लहानपणी शिकागोत राहायची त्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होती, आणि तिचं नाव होतं ब्रायडी मर्फी कॉर्केल! गृहिणी खोटं बोलत नव्हती. ऐकलेलं मनात राहिलं होतं, कुठून आलं ते मात्र पुसलं गेलं होतं.

म्हणून विचारतो, राग मानू नका: ती बरणी कसली होती?

खाडीकाठ | ११ मे, दुपारी १:१५

बरणी? लोणच्याची. प्लास्टिकची, लाल झाकणाची.

लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

शंकेखोर | ११ मे, दुपारी १:२२

बोट कुठल्या काळातली वाटली?

खाडीकाठ | ११ मे, दुपारी १:४०

जुनी. पुरुष धोतर-टोपीत होते. बायका नऊवारीत. आमच्या स्वयंपाकघरात, मी शाळेत असताना, फळीवर तशीच लाल झाकणाची बरणी होती.

निरंजन_वाटसरू | ११ मे, दुपारी २:३०

एका बरणीवरून सगळं खोटं कसं? मन आपल्या ओळखीच्या वस्तूंनी चित्र पुरं करतं. स्वप्नातही आजोबांच्या हातात आपण मोबाइल बघतो, म्हणून आजोबा नव्हतेच असं म्हणाल का?

शंकेखोर | ११ मे, दुपारी २:४१

मन चित्र पुरं करतं हे तुम्हीच म्हणालात. मी एवढंच विचारतो की बरणी मनाने घातली, तर बोट कुणी घातली?

तात्या_आगरातले | ११ मे, संध्याकाळी ६:००

मी या वादात पडणार नव्हतो. पण पाऊस, एका बाजूला धावणारी माणसं, काळा खडक हे वाचलं आणि अंगावर काटा आला. खाडीकाठ, हे "रामदास" बोटीचं वर्णन आहे गं.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट. आषाढातली अमावस्या, सणाला घरी जाणारी माणसं, बोट गच्च भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली, लाटेने कलली, माणसं एका बाजूला लोटली आणि उलटली. सहाशेहून जास्त गेले. मच्छीमारांनी काहींना ओढून काढलं तेवढेच. अलिबाग-रेवस पट्ट्यात घरंच्या घरं रिकामी झाली. आमच्या लहानपणी आगबोटीत पाय ठेवताना म्हातारी माणसं हात जोडायची ती त्यानंतर. दाभोळलाही तेव्हा बोट लागायची, पडावातून जाऊन वर चढायचं. माझ्या आईने तर शेवटपर्यंत एसटीच धरली.

तुझ्या घरात कुणी होतं का त्या बोटीवर? आईला विचार.

मालवणी_गजालकार | ११ मे, रात्री ९:१०

माका रिग्रेशन बिग्रेशन काय कळत नाय. पण आमच्या घरातली गजाल सांगतंय.

माझ्या भावाक झील झालो तेव्हा तेच्या कानामागे तीळ होतो. आमच्या आज्याक पण थयच तीळ होतो. झाला! आजो इलो म्हणान अख्ख्या वाडीत बोंब. नाव पण आज्याचाच ठेवला. ल्हानपणी तेका कोणी मारूक नाय. आज्याक कोण मारतला?

आता तो चोवीस वर्षांचो झालो. पुण्याक नोकरी गावली. तर आई म्हणता, आज्यान जन्मभर ही कलमा सांभाळली, तो खय गाव सोडून गेललो? झील गप बसान आसा. बाबा तुका काय व्हया, ह्या तेका कोणी इचारूक नाय. सगळे आज्याक इचारतत.

टिवल्याबावल्या | ११ मे, रात्री ९:१८

आधी हसलो, मग शेवटची ओळ वाचली.

निशिगंध | १२ मे, सकाळी १०:३०

मी समुपदेशक आहे, रत्नागिरीत काम करते. दोन गोष्टींची सरमिसळ होतेय म्हणून थोडं लांबण लावते.

लहान मुलं आपणहून मागच्या जन्माबद्दल बोलतात, त्यांचा अभ्यास हा एक भाग. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी जगभरातून अशा सुमारे अडीच हजार नोंदी गोळा केल्या, भारतातल्या बऱ्याच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा त्यांच्याबरोबर होत्या. मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची असताना बोलतात आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत विसरून जातात. नागपूरच्या उत्तरा हुद्दार यांची केस तर मराठी वाचकांना माहीत असेल. १९७४ मध्ये ही मराठी बाई मधूनमधून बंगाली बोलायला लागली, मी शारदा असं सांगायला लागली. स्टीव्हन्सन आणि पसरिचा दोघांनी ती अभ्यासली. त्यावर आक्षेपही आले, कारण उत्तराबाईंना बंगालची ओढ आधीपासून होती आणि थोडं बंगाली त्या शिकल्याही होत्या. वाद मिटलेला नाही. तो मी मिटवणार नाही.

संमोहन करून मोठ्या माणसाला मागे नेणं हा पूर्ण वेगळा प्रकार. गंमत म्हणजे स्टीव्हन्सन यांचाच त्यावर फारसा विश्वास नव्हता. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात निकोलस स्पॅनोस यांनी प्रयोग केले. संमोहनाआधी लोकांना जे सुचवलं, तसेच जन्म त्यांना दिसले. जुन्या काळी मुलांचा फार छळ व्हायचा असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांच्या मागच्या जन्मांत छळ जास्त निघाला. आठवण पेरता येते यासाठी तर संमोहनही लागत नाही. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या गटाने २४ जणांना लहानपणचे चार प्रसंग दिले. त्यातला एक, बाजारसंकुलात हरवल्याचा, बनावट होता. २४ पैकी ६ जणांना तो थोडाफार "आठवला".

खाडीकाठ, आडवं होण्याआधी त्या बाईंना तुम्ही पाण्याची भीती सांगितली होती का?

खाडीकाठ | १२ मे, सकाळी ११:०२

फॉर्मवर लिहिली होती. "येण्याचे कारण" या रकान्यात.

विद्रोही_वारा | १२ मे, रात्री ८:४५

मी मंडणगडचा. आंबडवे माझ्या गावापासून लांब नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव, इथे बहुतेकांना ठाऊक असेल.

पूर्वजन्म कुणाच्या सोयीचा हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. माझा आजा खोताच्या शेतात राबायचा. अर्धं पीक खोताला, वर वेठ. आणि वाड्याच्या पायरीखाली उभं करून वर ऐकवायचे की हे तुझ्या मागच्या जन्मीचं. म्हणजे खोताचा हिशेब या जन्मीच्या वहीत आणि आज्याचा मागच्या जन्मीच्या. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या शेवटच्या ग्रंथातही त्यांनी हेच विचारलंय: पूर्वकर्माचा हा सिद्धांत गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकावी यासाठीच आहे का?

ताई, तुमच्या बढतीचा आणि खोतीचा काय संबंध म्हणाल. तुम्ही लिहिलंय, "सगळे म्हणतात, मग नकोच जाऊस." सगळे म्हणजे कोण?

निरंजन_वाटसरू | १२ मे, रात्री ९:३०

धागा भरकटतोय. कर्मसिद्धांताचा गैरवापर झाला हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण गैरवापर झाला म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. तुकोबा मोक्ष नको म्हणून सुखाने गर्भवासात घाल म्हणतात. पुढचा जन्म मागून घेणाऱ्या माणसाला तुम्ही शोषित म्हणणार का?

तात्या_आगरातले | १३ मे, सकाळी ६:१५

निरंजन, चांगलं बोललास. पण बहिणाबाईंचं नाव घेतलंस म्हणून एक आठवण करून देतो. ते बारा जन्म त्यांनी सांगितले ते शेवटी, मुलाला, देह ठेवायची वेळ आल्यावर. पुढे काय करू हे विचारायला नव्हे. नवऱ्याचा विरोध असताना तुकोबांना गुरू केलं तो निर्णय या जन्मातल्या ओढीवर घेतला, आणि त्याचे चटकेही याच जन्मात सोसले.

गीतेतही बघ. चौथ्या अध्यायात देव म्हणतो, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म झाले, मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. माहीत असून सांगत बसत नाही हो! अर्जुना तू मागच्या जन्मी अमुक होतास म्हणून लढ, असं अठरा अध्यायांत कुठे नाही. शेवटी काय, तर "यथेच्छसि तथा कुरु". नीट विचार कर आणि तुला हवं ते कर.

(अवांतर: आमच्याकडे गुरवाकडे कौल लावतात, पाकळी उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. माझे वडील कौल घ्यायचे आणि मनाविरुद्ध आला की "पाकळी ओली होती" म्हणून पुन्हा लावायचे. त्यांना काय हवंय हे तिसऱ्या कौलापर्यंत सगळ्या गावाला कळलेलं असायचं.)

खाडीकाठ | १६ मे, रात्री ११:४५

चार दिवस लिहिलं नाही. आईकडे जाऊन आले.

तात्या, तुम्ही म्हणालात ते खरं. आजीचं माहेर अलिबागजवळचं. तिचा चुलतभाऊ रामदासवर होता. सापडला नाही. आजी तेव्हा सतरा वर्षांची. मला हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही, पण आई म्हणाली, "तुला मांडीवर घेऊन हीच गोष्ट सांगायची ती. तू चार-पाच वर्षांची असशील. मी ओरडायचे, पोरीला कशाला घाबरवता म्हणून."

आणि दिव्याची अमावस्या. आमच्याकडे पाटावर सगळे दिवे मांडायचे, पण एक दिवा वेगळा, मागच्या पडवीत, पाण्याच्या ताटलीत. मला ते लख्ख आठवतंय. मला वाटायचं मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी. तो त्या भावाचा दिवा होता.

म्हणजे भीती माझी नव्हेच की काय? आजीची आहे. की आणखी काही?

निरंजन_वाटसरू | १७ मे, सकाळी ७:००

आणि तो भाऊच तुमच्या रूपाने त्याच घरात परत आला असेल तर? आजीने मांडीवर घेऊन तुम्हालाच का सांगितलं? बाकीच्या नातवंडांना का नाही?

शंकेखोर | १७ मे, सकाळी ७:१२

कारण बाकीची नातवंडं मुंबईत होती असं काहीसं साधं कारण निघेल.

खाडीकाठ | १७ मे, सकाळी ८:३०

शंकेखोर, ठाण्यात. बाकी बरोबर.

निरंजन, तुमचं वाक्य वाचून मात्र रडू आलं. खरं असो-नसो, कुणीतरी त्याला परत आणलं इतक्या वर्षांनी.

निशिगंध | १७ मे, सकाळी १०:००

कुणाची भीती याचं उत्तर आज मिळालं नाही तरी चालेल. भीती कमी करायला त्याची गरज लागत नाही. एका दमात रोजचा प्रवास ठरवू नका. आधी नुसतं जेट्टीवर जाऊन बसायचं, फेरी येताना-जाताना बघायची. मग उभ्या बोटीत पाय ठेवून उतरायचं. मग ओहोटीला, वारा नसताना एक फेरी, सोबतीला कुणी. अंग थरथरेल, थोड्या वेळाने थांबेल, ते थांबेपर्यंत तिथून पळायचं नाही. रोज घाम फुटत राहिला तर जवळच्या तज्ज्ञाला भेटा.

त्या दोन सेशनबद्दल माझं मत विचाराल तर पैसे वाचवा.

वकील_बाई | १७ मे, दुपारी १२:२०

अवांतर, पण हे कळलेलं बरं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत "मागचा जन्म" चक्क लिहिलेला आहे. तू मागच्या जन्मी माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. तुमच्या पुण्याच्या बाईंचा याच्याशी काही संबंध नाही, त्यांनी फक्त सल्ला दिला. पण या वाटेने लोक कुठवर जातात ते कायदा करणाऱ्यांना बघावं लागलं होतं.

खाडीकाठ | १७ मे, रात्री १०:५०

माझ्या मावसबहिणीला त्याच बाईंनी सांगितलंय की तिची जाऊ मागच्या जन्मी तिची वैरीण होती. दोघी सहा महिने बोलत नाहीत. घर एक, चुली दोन झाल्या. आधी भांडण फक्त नळाच्या पाण्यावरून होतं.

नाखवा_दाभोळ | २ जून, संध्याकाळी ५:३०

ताई, धागा आज बघितला. मी दाभोळचाच. १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत मी मोकळाच आहे.

माझा बाप दर्यात गेला. मी सोळाचा होतो. लोक म्हणाले, पोराला दर्यावर पाठवू नका, बापाला नेलं तसं त्यालाही नेईल. आई म्हणाली, मग खायचं काय? तिसऱ्या महिन्यात मी बोटीवर. आजही नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना माझे हात थरथरतात. भीती जात नाही ताई. मला तर जायलाही नको आहे. भीती गेलेला तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, मी माझ्या बोटीवर घेत नाही.

एखाद्या शनिवारी या. सकाळची ओहोटी बघून सांगतो. मी आणि माझी बायको येऊ सोबत. धोपाव्याला चहा पिऊन परत.

खाडीकाठ | १४ जून, रात्री ९:१५

उद्या शेवटची तारीख.

नाखवा आणि वहिनींसोबत गेले. जाताना डोळे उघडे, येताना मिटलेले. वहिनींच्या हातावर माझी नखं उमटलीत, त्यांची माफी.

पण लिहायचंय ते वेगळंच. विद्रोही_वारा यांनी विचारलं होतं, सगळे म्हणजे कोण. महिनाभर ते डोक्यात होतं. माझ्या सासूबाई नवस बोलत नाहीत, कौल लावत नाहीत, मांजर आडवं गेलं तरी थांबत नाहीत. त्या एका वाक्यात म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं आहे ते, नको जाऊस." नवरा इंजिनियर. तोही म्हणाला, "असं असेल तर रिस्क नको." मी गेले की सकाळचे डबे, मुलीची शिकवणी, सासूबाईंचे गुडघे, हे कोण बघणार यावर आमच्या घरात एकदाही बोलणं झालं नाही. गरजच पडली नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही सोयीचं होतं. "मला जमेल का" यापेक्षा "मी बुडाले होते" हे सांगायला सोपं.

आज जेवणं झाल्यावर विषय काढला. डब्यांचा आणि गुडघ्यांचा. भांडण झालं, चांगलं दोन तास. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. उद्या होकार पाठवतेय. डब्यांचं अजून ठरलेलं नाही.

टिवल्याबावल्या | १४ जून, रात्री ९:२०

शाखाधिकारी मॅडम, अभिनंदन. कर्जाचं नंतर बोलू.

मालवणी_गजालकार | १४ जून, रात्री १०:०५

पुतण्याक ह्यो धागो वाचूक दिलंय. आजून काय बोलूक नाय. पण दोनदा वाचल्यान.

निरंजन_वाटसरू | १५ जून, सकाळी ६:४०

मनापासून शुभेच्छा. माझं मत बदललेलं नाही. यंदा दिव्याच्या अमावस्येला तो वेगळा दिवा लावा, एवढीच विनंती.

खाडीकाठ | १५ जून, सकाळी ७:०५

लावणार. ताटलीत पाणी घालून.

तात्या_आगरातले | १ जुलै, रात्री ८:००

आज पहिला दिवस ना? काय झालं?

खाडीकाठ | २ जुलै, रात्री ९:३०

काल पहाटे उठून, देवाला नमस्कार करून, जीव मुठीत धरून जेट्टीवर पोचले, तर वाऱ्यामुळे फेरी बंद. चिपळूणवरून गेले. पहिल्याच दिवशी साडेबाराला हजर.

आज सुरू होती. गेले. गाडीतून उतरले नाही, काचा घट्ट लावून आत बसून राहिले. पण गेले.

नाखवा_दाभोळ | २ जुलै, रात्री ९:४१

ताई, काचा उघड्या ठेवायच्या असतात. बंद गाडीतून बाहेर कशा येणार? उद्या खाली उतरून कठड्याला धरून उभ्या राहा, आणि लाइफ जॅकेट कुठे टांगलीत ते आधी बघून ठेवा.